छोट्या कॉलेजातले कॉम्प्युटर सायन्स: ग्रिनेलच्या अभ्यासक्रमाचे एका मास्तराने केलेले परीक्षण

परीक्षण सुरू करण्याआधी माझे हितसंबंध उघड करून टाकतो. मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात २२ वर्षे संगणक अभियांत्रिकी शिकवतो आहे, आणि सांगलीला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाची मुलगी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील ग्रिनेल कॉलेजात चार वर्षे कॉम्प्युटर सायन्स शिकून पदवीधर झाली आहे. तिच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने मी दोन आठवडे आधीच तिथे जाऊन राहिलो, परवानगी घेऊन काही तासांना मागच्या बाकावर बसलो, आणि त्याआधीची चार वर्षे तिच्या बहुतेक विषयांची टिपणे व गृहपाठ वाचत आलो होतो, कारण तिथले पुष्कळ शिक्षक आपल्या विषयाची पाने, वाचनसाहित्य आणि प्रात्यक्षिके सर्वांसाठी खुली ठेवतात. तेव्हा हे मत पुतणीच्या कौतुकातून आले आहे असे कोणी म्हटले तर ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे धंद्याच्या चौकसपणातून आले आहे.

ग्रिनेल हे 'लिबरल आर्ट्स' कॉलेज आहे, आणि या शब्दांनी आपल्याकडे फार घोटाळा केला आहे. वर्तमानपत्रे त्यांचे भाषांतर 'उदारमतवादी कला' असे करतात, आणि ते वाचून कोणालाच काही बोध होत नाही. माझ्या भावाने ज्या सल्लागाराला पैसे मोजले होते त्याने तर 'आर्ट्स' हा शब्द ऐकताच, मुलीला चित्रकलाच शिकवायची असेल तर मुंबईत जे. जे. आहे, त्यासाठी आयोवाला कशाला जायचे, असा प्रश्न विचारला होता. प्रत्यक्षात याचा अर्थ एवढाच की पदवीच्या चार वर्षांत एका विषयात खोल उतरायचे, पण बाकीचा निम्म्याहून अधिक वेळ इतर विद्याशाखांना द्यायचा, आणि हे सगळे अशा लहान संस्थेत करायचे जिथे केवळ पदवीचे विद्यार्थी असतात. ग्रिनेलमध्ये एकूण विद्यार्थी १,७०० च्या आसपास आहेत. पुण्यातल्या मोठ्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या एखाद्या शाखेत चारही वर्षे मिळून याच्या निम्मी मुले सहज भरतील. कॉलेज १८४६ साली स्थापन झालेले, गाव नऊ-साडेनऊ हजार वस्तीचे, भोवती मक्याची आणि सोयाबीनची शेते, आणि कॉलेजच्या आवाराच्या मधूनच मालगाड्यांचा लोहमार्ग गेलेला. पहिल्या रात्री त्या गाडीच्या भोंग्याने मी दचकून उठलो, पुतणी म्हणाली, "काका, तिसऱ्या दिवसानंतर ऐकूच येत नाही." तिचे म्हणणे खरे ठरले नाही, पण तो दोष अभ्यासक्रमाचा नव्हे.

अभ्यासक्रमाची बांधणी समजून घेतली की बऱ्याच गोष्टी उलगडतात. पदवीसाठी १२४ श्रेयांक (क्रेडिट) लागतात आणि नेहमीचा विषय ४ श्रेयांकांचा असतो, म्हणजे चार वर्षांत साधारण ३१ विषय होतात. या १२४ पैकी एका विभागाचे जास्तीत जास्त ४८ श्रेयांक धरले जातात. हा नियम माझ्यासारख्या माणसाला आधी धक्काच देतो, कारण आमच्याकडे विद्यार्थ्याने आपल्या शाखेचे फार शिकू नये यासाठी नियम करण्याची कल्पनाही कोणाला सुचणार नाही. उलट सर्वांना सक्तीचा विषय एकच आहे: पहिल्या सत्रातला 'फर्स्ट-इयर ट्युटोरियल'. त्यात दहा-बारा मुलांचा गट एका प्राध्यापकाबरोबर एखाद्या विषयावर वाचतो, लिहितो आणि वाद घालतो. तो प्राध्यापक कोणत्याही विभागाचा असू शकतो आणि विद्यार्थ्याने मुख्य विषय जाहीर करेपर्यंत तोच त्याचा मार्गदर्शक राहतो. पुढचे सर्व विषय या मार्गदर्शकाशी बोलून ठरवायचे. ज्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरच्या मुलालाही इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या शीटवर पेन्सिल फिरवावी लागते आणि 'पॅटर्न', म्हणजे अभ्यासक्रमाचा ठरलेला आराखडा, बदलला की लाखो मुलांचे विषय एका रात्रीत बदलतात, तिथून आलेल्या माणसाला ही मोकळीक आधी अराजकासारखी वाटते. माझ्या पुतणीलाही पहिले सत्रभर तशीच वाटली होती. काय घ्यायचे हे तिला आयुष्यात प्रथमच कोणी विचारत होते, आणि या प्रश्नाचे उत्तर द्यायला आपण आपल्या मुलांना शिकवलेलेच नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, म्हणजे सुरुवातीच्या तीन विषयांकडे, कारण या विभागाची खरी करामत तिथेच आहे. पहिल्या विषयाचे नाव 'फंक्शनल प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' असे असून तो स्कीम या भाषेत शिकवला जातो. स्कीम ही १९७५ साली एमआयटीमध्ये जन्मलेली, कंसांनी गजबजलेली भाषा; तिच्या वंशातल्या रॅकेट या भाषेसाठी केलेल्या डॉक्टर रॅकेट या साधनात मुले काम करतात. नोकरीच्या बाजारात या भाषेला जवळपास किंमत नाही, आणि भावाने मला पहिला वैतागलेला फोन केला तो याच कारणासाठी: "दादा, सगळे जग पायथॉन शिकतंय आणि हिला हे काय शिकवताहेत?" मीही तेव्हा त्याला समाधानकारक उत्तर देऊ शकलो नव्हतो. ते उत्तर तासाला बसल्यावर मिळाले. वर्गात आलेल्या मुलांपैकी काही जण शाळेपासून पायथॉन किंवा जावा लिहीत आलेले असतात आणि काहींनी कधी एक ओळही लिहिलेली नसते. स्कीमपुढे दोघेही सारखेच अडाणी ठरतात. ज्याला 'फॉर लूप'ची, म्हणजे तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवण्याची, सवय आहे त्याला इथे सुरुवातीला लूप वापरता येत नाही. यादीतल्या प्रत्येक घटकावर एक फंक्शन चालवायचे, दोन फंक्शने जोडून तिसरे बनवायचे, आणि मग रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून, मोठा प्रश्न लहान करत न्यायचा, एवढीच आयुधे हातात असतात. म्हणून आधीपासून येणाऱ्याचा तोरा पहिल्या दोन आठवड्यांत उतरतो आणि नवख्याची भीतीही त्याच काळात ओसरते.

रिकर्शन मी स्वतः दरवर्षी शिकवतो. फॅक्टोरियल लिहून दाखवतो, टॉवर्स ऑफ हनोई फळ्यावर काढतो, 'इनसेम'ला, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेला, एक प्रश्न येतो, मुले तो पाठ करून लिहितात आणि पुढच्या सत्रात ट्री ट्रॅव्हर्सलला (फांद्या फुटत जाणाऱ्या रचनेतून फिरण्याला) पुन्हा अडखळतात. ग्रिनेलच्या पहिल्याच विषयात मुलांना रिकर्शनशी कित्येक आठवडे झटापट करावी लागते: आधी संख्यांवर, मग याद्यांवर, मग यादीत यादी असलेल्या रचनांवर. त्यातले बरेचसे काम चित्रे, रंग आणि मजकूर यांवर असल्यामुळे चूक झाली तर ती पडद्यावर दिसते. एका मुलीच्या फंक्शनने वर्तुळात वर्तुळे काढायची होती, तिचा थांबण्याचा निकष चुकला होता, आणि पडदा हळूहळू निळा होत गेला. शिक्षकांनी उत्तर सांगितले नाही. "सर्वांत लहान वर्तुळ कोणते, ते मला दाखव," एवढेच म्हणून ते पुढच्या जोडीकडे गेले. पाच मिनिटांनी ते वर्तुळ तिला सापडले.

दुसरा विषय सी भाषेचा. तिथे गाडी एकदम विरुद्ध टोकाला जाते: मेमरी, पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता), ॲरे, आणि यंत्र खरोखर काय करते याचा हिशेब. पूर्वी बरीच वर्षे हा विषय स्क्रिबलर नावाच्या छोट्या रोबोंवर शिकवला जात असे. सी मध्ये लिहिलेली आज्ञा रोबोला मिळाली की तो टेबलावरून चालू लागायचा, आणि पॉइंटर चुकला की टेबलावरून पडायचा. तिसरा विषय जावातून ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत (माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधण्याची), डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम यांचा. म्हणजे पहिल्या तीन विषयांत तीन भाषा आणि विचार करण्याच्या तीन वेगळ्या पद्धती होतात. चौथी भाषा विद्यार्थी शनिवार-रविवारात शिकतो, हा या रचनेमागचा हिशेब, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो बरोबर ठरला: पुतणीने पायथॉन कोणत्याही तासाला न बसता शिकून घेतली, आणि आज ती पोटापाण्यासाठी तीच लिहिते. यापुढे कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, ऑपरेटिंग सिस्टिम, अल्गोरिदमचे विश्लेषण, ऑटोमाटा हे ओळखीचे विषय येतात. ते चांगले शिकवले जातात, पण त्यांच्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही. टिपणे पाहून मला वाटले की हे आमच्याकडचे चांगले शिक्षकही असेच शिकवतील, फक्त त्यांच्यापुढे साठ मुले असतील.

वर्ग कसा चालतो, हे मात्र सांगण्यासारखे आहे. आदल्या रात्री वाचन करून यायचे, तासाच्या सुरुवातीला शिक्षक पाच-दहा मिनिटे शंकांवर बोलणार, आणि मग उरलेला वेळ मुले जोडीजोडीने संगणकावर प्रात्यक्षिक करणार. जोड्या बदलत राहतात. एकाचे हात कळफलकावर, दुसऱ्याने मोठ्याने विचार करायचा, काही वेळाने अदलाबदल. शिक्षक आणि वरच्या वर्षाचा एक विद्यार्थी मदतनीस वर्गात फिरत असतात. संध्याकाळीही असे विद्यार्थी मदतनीस ठरलेल्या वेळी प्रयोगशाळेत भेटतात. कॉलेजात पीएचडीचे विद्यार्थीच नसल्यामुळे शिकवणे, तपासणे आणि शंका सोडवणे या तिन्ही गोष्टी प्राध्यापकाच्याच गळ्यात असतात. मोठ्या विद्यापीठात ज्या नामवंत प्राध्यापकासाठी मूल जाते तो तीनशे जणांच्या सभागृहात लांबून दिसतो आणि गृहपाठ तपासतो एखादा संशोधक विद्यार्थी, हे अमेरिकेत शिकून आलेल्या कोणालाही विचारावे.

त्यातली एक लहानशी प्रथा मला सर्वांत मोलाची वाटली. प्रत्येक प्रोग्रॅमच्या माथ्यावर विद्यार्थ्याने लिहायचे असते की हे काम करताना कोणाची मदत घेतली, कोणत्या पानावरून काय उचलले, कोणत्या मदतनीसाने कोणती चूक दाखवली. मदत घेण्याला मनाई नाही. ती लपवण्याला आहे. हे पाहून मी भारावून गेलो आणि परत आल्यावर आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जर्नलच्या प्रत्येक प्रात्यक्षिकावर 'मदत कोणाची' अशी ओळ लिहायला सांगितली. पहिल्या आठवड्यात साठपैकी अठ्ठावन्न जणांनी 'कोणाचीही नाही' असे लिहिले, आणि त्या अठ्ठावन्न प्रोग्रॅमांमध्ये एकाच ओळीवर एकच चूक होती. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. सबमिशनच्या आठवड्यात दहा जर्नले पूर्ण करून 'टर्मवर्क' मिळवायचे असते तिथे प्रामाणिकपणाला वेळ कुठून आणायचा? ग्रिनेलचे विद्यार्थी एका सत्रात चारच विषय घेतात, आमचे पाच लेखी आणि त्यांची प्रात्यक्षिके. कदाचित सगळा फरक एवढ्यातच असेल, असेही मला कधी कधी वाटते.

शिक्षकाच्या या वेळाचा उपयोग वर्गाबाहेरही होतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी विद्यार्थी एखाद्या प्राध्यापकाबरोबर 'मेंटर्ड ॲडव्हान्स्ड प्रोजेक्ट' करू शकतो, आणि पदव्युत्तर विद्यार्थी नसल्यामुळे संशोधनातले खरे काम एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या वाट्याला येते. पुतणीने उन्हाळ्यात असे काम केले; आठवड्यातून तीन वेळा ती आणि तिचे प्राध्यापक फळ्यापुढे उभे राहत. पुढे तिच्यासाठी शिफारसपत्रे लिहिताना त्या प्राध्यापकांना तिचे नाव आठवावे लागले नसणार. प्रत्येक विभागात विद्यार्थ्यांची एक निवडून दिलेली समितीही असते आणि नवीन प्राध्यापक निवडताना तिचे मत घेतले जाते. उमेदवाराने घेतलेल्या नमुना तासाला मुले बसतात आणि आपला अभिप्राय देतात, हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. शिकवण्यासाठी मी या विभागाला दहापैकी नऊ गुण देतो, आणि कापलेला एक गुण निव्वळ परीक्षकाच्या सवयीने कापला आहे.

तक्रारीची बाजू विषयांच्या यादीपासून सुरू होते. विभाग लहान, म्हणून वैकल्पिक विषय थोडे, आणि त्यांतले अनेक वर्षाआड मिळतात. तिसऱ्या वर्षी एखादा विषय हुकला की चौथ्या वर्षी तो असेलच असे नाही. आमच्याकडे डेटाबेस आणि नेटवर्क सक्तीचे असतात. तिथे डेटाबेसचा विषय न घेताच पदवी मिळते, आणि पुतणीने मुलाखतींच्या आधी एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा स्वतःच घोकली. मशीन लर्निंगच्या चार-पाच पायऱ्यांचे विषय, सुरक्षा, क्लाउड, चिप डिझाइन असे जे मोठ्या विद्यापीठाच्या यादीत पानेच्या पाने भरून असते, ते इथे शोधू नये. ही उणीव निष्काळजीपणातून आलेली नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. लहान कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन अशा पदवीसाठी एक आदर्श आराखडा १९८६ साली प्रसिद्ध केला होता. १९९६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली, आणि तिच्या दोन लेखकांपैकी हेन्री वॉकर हे ग्रिनेलचेच प्राध्यापक. थोडे विषय, पक्का पाया, भरपूर गणित आणि लेखन हे सूत्र जाणूनबुजून स्वीकारलेले आहे. तरीही, सूत्र कितीही विचारपूर्वक ठरवलेले असो, ज्या मुलाला सतराव्या वर्षीच कंपायलर किंवा रोबोटिक्समध्ये बुडी मारायची आहे त्याचा इथे तिसऱ्या वर्षी कोंडमारा होईल. या बाबतीत पाच गुण.

काही छोट्या कॉलेजांनी या अडचणीवर शेजाऱ्यांची मदत घेऊन उपाय काढला आहे. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमॉन्टला हार्वी मड, पोमोना वगैरे पाच पदवी कॉलेजे भिंतीला भिंत लावून आहेत आणि एका कॉलेजचा विद्यार्थी दुसऱ्यात विषय घेऊ शकतो. फिलाडेल्फियाजवळ स्वार्थमोर, हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर यांचेही असेच सख्य आहे. ग्रिनेलला शेजार मक्याचा. शिवाय गेल्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेत सगळीकडेच कॉम्प्युटर सायन्सकडे मुलांची रीघ लागली आणि छोट्या विभागांना तेवढे शिक्षक मिळेनात. त्यामुळे लहान वर्गाचे आश्वासन पाळायचे तर जागा मर्यादित ठेवाव्या लागतात, आणि मग काही कॉलेजांत वरच्या विषयांसाठी सोडत काढण्याची पाळी आली. ज्या पालकांना वाटते की कॉलेज लहान म्हणजे प्रवेश मिळाला की सगळी दारे उघडी, त्यांनी त्या त्या कॉलेजच्या विभागाला हा प्रश्न लेखी विचारावा: मागच्या दोन वर्षांत वरच्या विषयांना किती मुले प्रतीक्षायादीत राहिली? हार्वी मडचा उल्लेख झालाच आहे तर हेही सांगतो की ज्याला अभियांत्रिकीचा कस आणि लहान कॉलेज दोन्ही हवे आहे त्याने आधी तिकडे पाहावे. तिथे १९६३ पासून 'क्लिनिक' नावाचा उपक्रम आहे, ज्यात विद्यार्थ्यांचा गट वर्षभर एखाद्या कंपनीचा खरा प्रश्न सोडवतो. अभ्यासाचा भार मात्र आपल्या आयआयटीच्या तोडीचा आहे, असे तिथल्या मुलांकडून ऐकले.

ग्रिनेलमध्ये गेलेल्या कोणालाही रॉबर्ट नॉइस या माजी विद्यार्थ्याची गोष्ट ऐकावीच लागते, तेव्हा तीही इथे येऊ द्या. १९४८ मध्ये बेल लॅब्जने ट्रान्झिस्टर जगापुढे आणला, आणि ग्रिनेलमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल यांनी ट्रान्झिस्टरच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या जॉन बार्डीन यांच्याशी असलेल्या जुन्या ओळखीचा उपयोग करून तो आपल्या वर्गासाठी मिळवला. त्या वर्गात नॉइस होते. त्याच वर्षी एका मेजवानीसाठी त्यांनी शेतकऱ्याचे डुक्कर पळवले आणि एका सत्रासाठी त्यांची कॉलेजातून गच्छंती झाली. आयोवात डुक्कर चोरणे म्हणजे आपल्याकडे दावणीचा बैल सोडून नेण्यासारखे. तरीही १९४९ मध्ये ते पदवीधर झाले, १९५९ मध्ये त्यांनी सिलिकॉनवरचे इंटिग्रेटेड सर्किट साकारले आणि १९६८ मध्ये गॉर्डन मूर यांच्यासह इंटेलची स्थापना केली. कॉलेजाने सुरुवातीलाच इंटेलमध्ये ३ लाख डॉलर गुंतवले. तेव्हा विश्वस्तांमध्ये वॉरन बफे होते. आज कॉलेजचा निधी २ अब्ज डॉलरच्या वर आहे आणि कॉम्प्युटर सायन्सचा विभाग नॉइस यांच्या नावाच्या इमारतीत आहे. ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या दर्जाचा पुरावा म्हणून मी धरत नाही, पण त्या निधीचा संबंध आपल्याशी येतो, कारण शिष्यवृत्त्या त्यातून निघतात.

खर्चाचा आकडा वाचताना बसून घ्यावे. शिक्षणशुल्क, वसतिगृह आणि भोजन धरून अशा कॉलेजांचा वर्षाचा छापील खर्च आता ८०,००० डॉलरच्या वर आहे, म्हणजे आपले ७० लाख रुपये, आणि असे चार वेळा. या किमतीला हे शिक्षण घ्यावे असे मी कोणालाही सांगणार नाही, अगदी वर दिलेले नऊ गुण जमेस धरूनही. पण छापील किंमत सगळेच भरत नाहीत. ग्रिनेल परदेशी विद्यार्थ्यांनाही मोठी मदत देते आणि तिथे जवळपास पाचांतला एक विद्यार्थी परदेशी आहे. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी: परदेशी अर्जदाराला मदत हवी असेल तर ग्रिनेलसह बहुतेक कॉलेजे प्रवेश ठरवताना ती बाब विचारात घेतात, त्यामुळे मदत मागणाऱ्यांमधली स्पर्धा अधिक तीव्र होते. ॲमहर्स्ट आणि बोडन यांसारखी मोजकी छोटी कॉलेजे परदेशी मुलांच्या बाबतीतही आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देतात, आणि तिथे स्पर्धा वेगळ्या कारणाने तीव्र आहे. माझ्या भावाला चार वर्षांत जो खर्च आला तो पुण्यातल्या एखाद्या खाजगी विद्यापीठाच्या वसतिगृहासकट शुल्कापेक्षा जास्त होता, पण त्यासाठी त्याला सांगलीचा प्लॉट विकावा लागला नाही.

नोकरीविषयी आपल्याकडे दोन गैरसमज आहेत. पहिला असा की पदवी 'बीए' असल्यामुळे पुढे व्हिसाची अडचण येते. ग्रिनेलची पदवी बीए आहे हे खरे. परंतु पदवीनंतर मिळणारी १२ महिन्यांची कामाची मुभा आणि तंत्रविषयांसाठी तिला मिळणारी २४ महिन्यांची वाढ ही विषयाच्या वर्गीकरणावर ठरते, पदवीच्या अक्षरांवर नाही, आणि कॉम्प्युटर सायन्स त्या वर्गीकरणात बसते. दुसरा गैरसमज याच्या उलट आहे: नामांकित कॉलेज म्हणजे कंपन्या दारात येणार. आपल्याकडची 'कॅम्पस' मुलाखत, ज्यात एकाच दिवशी एक कंपनी दोनशे मुले उचलते, ती तिथे नाही. कंपन्यांचा जो बाजार मोठ्या विद्यापीठांत भरतो तोही मक्याच्या शेतात तेवढा भरत नाही. माजी विद्यार्थ्यांना पत्रे लिहायची, उन्हाळी कामे स्वतः शोधायची, मुलाखतीचे प्रश्न रात्री सोडवायचे. पुतणीने दुसऱ्या वर्षी शंभरावर अर्ज केले आणि तिला एक उन्हाळी काम मिळाले. मुलाखतींत तिला सर्वांत उपयोगी काय पडले असे मी विचारले, तेव्हा तिने अल्गोरिदमचे नाव घेतले नाही; जोडीने काम करताना मोठ्याने विचार करायची जी सवय लागली होती ती, असे ती म्हणाली. भारतात परत येऊन सरकारी नोकरी किंवा इथे पुढचे शिक्षण करायचे असेल तर परदेशी पदवीच्या समकक्षतेचे काम आधी पाहून ठेवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये त्यासाठी नवे नियम केले आहेत.

उरलेल्या निम्म्या अभ्यासाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण तो माझा प्रांत नाही. तिने दोन वर्षे जर्मन केले, समाजशास्त्राचे तीन विषय घेतले आणि एक सत्र मातीची भांडी केली. त्यांपैकी एक भांडे माझ्या टेबलावर आहे आणि त्यात पाणी ठरत नाही. पण चौथ्या वर्षी तिच्या गटाने एका स्थानिक सेवाभावी संस्थेसाठी जे सॉफ्टवेअर केले त्याची तिने लिहिलेली माहितीपुस्तिका मी वाचली, आणि संस्थेतल्या साठीच्या कर्मचाऱ्याला कोणते बटण का दाबायचे हे इतक्या सरळ वाक्यांत सांगणारा मजकूर आमच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्प-अहवालांत मी २२ वर्षांत पाहिलेला नाही. आमच्या अहवालांची पहिली दहा पाने आभारांची आणि अनुक्रमणिकेची असतात.

हवामान आणि जेवण यांविषयी परीक्षणात लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून: जानेवारीत थंडीच्या लाटेत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंतही जातो, भारतीय किराणा घ्यायला मोटारीने तासभराच्या डे मॉइनला जावे लागते, आणि १० ऑगस्ट २०२० रोजी या भागातून गेलेल्या प्रचंड वादळाने गावाची वीज कित्येक दिवस बंद होती. शाकाहारी मुलाची उपासमार होत नाही, पण भोजनगृहातल्या डाळीला आमटी म्हणता येणार नाही.

अर्ज करणाऱ्यांनी शेवटी दोन गोष्टी पाहाव्यात. आर्थिक मदतीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करावा. प्रवेश मिळाल्यावर किंवा दुसऱ्या वर्षी मागू असे म्हणून थांबलेल्या परदेशी विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी नंतर ती मिळत नाही, आणि आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला याच कारणासाठी पहिल्या वर्षानंतर मुलाला परत आणावे लागले. आणि 'अर्ली डिसिजन' हा बांधील अर्ज असतो, प्रवेश मिळाला तर जावेच लागते, म्हणून मदतीशिवाय जे कॉलेज परवडणार नाही तिथे तो भरण्याआधी मिळणाऱ्या मदतीचा अंदाज कॉलेजकडून लेखी मागवून घ्यावा. आमचा तो अंदाज ईमेलने मागितल्यावर चार दिवसांत आला होता.